पालावरचं मूल बालगृहात गेलं तर: आईबापांच्या बाजूनं उभं राहणाऱ्यांसाठी

भर दुपारी सिग्नलवर गाडी येते. गजरे, फुगे, गाडी पुसायची फडकी विकणारी किंवा नुसतीच आईच्या मागं हिंडणारी मुलं तिच्यात बसवली जातात. अर्ध्या तासानं आई चौकीच्या पायरीवर असते. आतून एकच उत्तर येतं, ‘उद्या या.’ उद्या कुठं यायचं, कुणाला भेटायचं, बरोबर काय आणायचं, हे कुणी सांगत नाही.

हा लेख त्या ‘उद्या’साठी आहे. आईच्या हाती तो पडण्याची शक्यता कमीच. म्हणून तो तिच्याबरोबर जाणाऱ्या माणसासाठी लिहिलाय: संघटनेचा कार्यकर्ता, वस्तीशाळेच्या बाई, नवा वकील, किंवा वस्तीतला अकरावीपर्यंत शिकलेला एखादा भाचा. फासेपारधी, मसणजोगी, नाथजोगी, वैदू, नंदीवाले, डोंबारी अशा कुटुंबांना समोर ठेवून मी लिहितो आहे. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरून उचलल्या जाणाऱ्या मुलांत यांची मुलं पुष्कळ असतात, आणि या आईबापांचं म्हणणं कागदावर यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

भीती आधी समजून घ्या

पारधी आई पोलीस ठाण्यात गप्प बसते. अधिकारी म्हणतात, ‘बघा, बाईला मुलाचं काही पडलेलं नाही.’ ती गप्प का आहे, हे तुम्हाला माहीत हवं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. १८९७ च्या दुरुस्तीनं या जमातींची ४ ते १८ वयाची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याची सोय केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, तो दिवस आपण विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण सरकारी गाडी आली की पोरांना घेऊन पळायचं, हे शहाणपण पालावर, म्हणजे भटक्यांच्या तंबूंच्या वस्तीत, अजून शाबूत आहे. आई पळाली किंवा गप्प राहिली, तर त्याचं कारण तुमच्या अर्जात दोन ओळींत लिहा. नाहीतर तिथं ‘पालक उदासीन’ असा शेरा पडतो आणि तो पुढं प्रत्येक अहवालात उतरवला जातो.

त्या खोलीत कोण कुणाचं

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा इथला मूळ कायदा. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि अधिकार दंडाधिकाऱ्यांच्या खंडपीठाचे. मूल हजर करणारे पोलीस, घरची चौकशी करणारे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), बालगृहाचे अधीक्षक, निर्णय देणारी समिती, सगळे मुलाच्या हितासाठी बसलेले असतात. ते बरोबरच आहे. मात्र आईबापांच्या वतीनं बोलणारं तिथं कुणी नेमलेलं नसतं. ती जागा तुम्हाला भरायची आहे.

ती कुणी भरू नये, हे आधी सांगतो. मूल ज्या संस्थेच्या बालगृहात आहे, त्या संस्थेच्या माणसानं कुटुंबाचा सोबती होऊ नये. माणूस कितीही भला असला तरी नाही. संस्थेचं अनुदान मुलांच्या संख्येवर ठरतं, आणि तिचं रोजचं काम समितीच्या मर्जीवर चालतं. कायद्यालाही ही अडचण कळली होती: २०२१ च्या दुरुस्तीपासून बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्ती समितीची सदस्य होऊ शकत नाही. तोच नियम तुम्ही स्वतःला लावा. जातपंचायतीच्या पंचालाही पुढं करू नका. त्याचं हित वेगळं असतं, आणि समितीसमोर त्याचा एक शब्द आईच्या दहा शब्दांवर पाणी फिरवतो.

चांगला सोबती कोण? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील किंवा विधी स्वयंसेवक, स्वतःचं बालगृह नसलेली संघटना, मुलाला ओळखणारी अंगणवाडीताई किंवा शिक्षक. दोघं असतील तर फार बरं. एकानं आईशेजारी बसायचं, दुसऱ्यानं लिहायचं.

पहिला दिवस: मूल नेमकं कुठं आहे

कलम ३१ प्रमाणे मूल सापडल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, समितीपुढं हजर करावं लागतं. समिती त्या दिवशी बसली नसेल तर एका सदस्यासमोर हजर केलेलंही चालतं. म्हणून पहिला प्रश्न हा, ‘मुलाला कोणत्या समितीपुढं, किती वाजता हजर केलं? आत्ता कोणत्या संस्थेत ठेवलंय?’ विचारायचं कुणाला? ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असावा लागतो. ठाणे अंमलदाराशी वाद घालण्यापेक्षा या पदाचं नाव घेऊन विचारा, सूर लगेच बदलतो. तिथं काही हाती लागलं नाही तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष गाठा.

मूल सहा वर्षांखालचं असेल तर एक गोष्ट विसरू नका. ते सोडून दिलेलं आहे असं वाटलं, तर त्याला बालगृहाऐवजी विशेष दत्तक संस्थेत ठेवतात. आईबाप चार बालगृहं पालथी घालतात आणि तान्हं भलत्याच ठिकाणी असतं.

हजर करतानाच्या अहवालात मुलाबद्दल काय लिहिलंय, तेही त्याच दिवशी विचारा. ‘भीक मागताना’, ‘वस्तू विकताना’, ‘आईसोबत पदपथावर’ आणि ‘एकटं, बेवारस’ या चार नोंदी चार वेगळ्या दिशांना जातात. चौथी खोटी असेल तर लगेच खोडून काढायला हवी. आईवर कलम ७६ चा, म्हणजे मुलाला भीक मागायला लावल्याचा गुन्हा नोंदवला असेल, तर प्रकरण फौजदारी झालं. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तिला मूल सांभाळायला अपात्र ठरवण्याची वाटही तिथूनच जाते. वकील आल्याशिवाय तिनं कुठल्याही जबाबावर अंगठा देऊ नये.

सगळ्यात महत्त्वाचा कागद

एवढं एकच केलंत आणि बाकी काही जमलं नाही, तरी चालेल. साध्या कागदावर समितीच्या नावे अर्ज लिहा: ‘अमुक मूल आमचं आहे. आम्ही त्याचा ताबा मागत आहोत. आमच्या राहण्याच्या जागा अशा, फोन नंबर असा. आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोणताही अंतिम आदेश देऊ नये.’ आईचा अंगठा, बापाचा अंगठा, तुमची साक्षीदार म्हणून सही. दोन प्रती काढा. एक समितीला द्या, दुसरीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर तोच अर्ज पोस्टानं रजिस्टर पाठवा.

घाई कशाची, ते कलम ३८ सांगतं. मूल अनाथ किंवा सोडून दिलेलं आहे असं समितीला वाटलं, तर आईबापांचा शोध घ्यायला मुदत असते: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने, त्याहून मोठ्यासाठी चार. त्यानंतर मूल दत्तक देण्यासाठी कायदेशीररीत्या मोकळं जाहीर होऊ शकतं. शोध घ्यायचा एक मार्ग म्हणजे वर्तमानपत्रात मुलाचा फोटो छापणं. आता ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा विचार करा. उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दिवाळीच्या आसपास कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, निघते, ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फडात. मधल्या काळात आजीजवळ ठेवलेलं मूल शहरात उचललं गेलं, तर ती जाहिरात कोण वाचणार? फाइलमध्ये आईबापांचा अर्ज असेल तर मूल ‘सोडून दिलेलं’ ठरवणं कुणालाही अवघड जातं.

याच्याच उलट बाजूचा कागदही ओळखून ठेवा. कलम ३५ खाली आईबाप मूल स्वखुशीनं समितीच्या हवाली करू शकतात. ते दस्तावेज झाल्यावर फेरविचाराला दोन महिने असतात. ‘मूल शाळेत घालायचंय, इथं सही करा’ असं सांगितल्यावर काय लिहिलंय ते वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवायचा नाही, हे आईला तीनदा सांगा. चुकून तसा कागद झाला असेल तर आजच मागं घेण्याचा अर्ज द्या.

वकील: अर्ज आईच्या नावानं करा

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळं त्यांचा प्रश्न मिटला. पण वैदू, नंदीवाले, मसणजोगी हे भटक्या जमातींत मोडतात, आणि त्या यादीचा उल्लेख कलम १२ मध्ये नाही. मग बापाच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला मागतात आणि चार दिवस त्यातच जातात. त्याच कलमात स्त्री आणि मूल यांनाही उत्पन्नाची अट नाही. म्हणून अर्ज आईच्या नावानं करा, दुसरा मुलाच्या नावानं. हेल्पलाइन १५१००. प्राधिकरणाचं कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. वकील पहिल्यांदाच अशा प्रकरणात असेल तर लाजू नका, हा लेख त्याला द्या.

गृहचौकशी: खरी लढाई इथं आहे

बाल न्याय कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यायला हवा आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीचा अंतिम आदेश. कचेरीत सगळे याला ‘गृहचौकशी’ म्हणतात. शब्दातच गडबड आहे: गृह असेल तर चौकशी! पालाला दार नाही, घर क्रमांक नाही, आणि चौकशीला आलेल्या बाई सकाळी अकराला येतात तेव्हा पालावर म्हातारी आणि कुत्रं सोडून कुणी नसतं. ‘घर बंद. पत्ता अपूर्ण.’ अहवाल संपला.

तुमचं काम असं. परिविक्षा अधिकाऱ्याला आधी फोन करून वेळ ठरवा आणि त्या वेळी स्वतः पालावर थांबा. शेजारच्या दोन बायका, अंगणवाडीताई, दुकानदार यांना तयार ठेवा. शहरातली जागा आणि गावाकडची जागा, दोन्ही सांगा. गावी मामाचं पक्कं घर असेल तर ते दाखवण्याचा आग्रह धरा. रोजगार काय, मुलं कुठं झोपतात, पाणी कुठून येतं, आजारी पडल्यावर कुठं नेतात, याची उत्तरं आईनं स्वतःच्या शब्दांत द्यावीत. तिला पढवू नका. पढवलेलं लगेच कळतं.

भाषेचा प्रश्न इथंच डोकं वर काढतो. पारधी घरातली बोली गुजरातीकडं झुकणारी. मूल मराठी बोलतं, पण घाबरलं की तेही जातं. ‘मुलाला आईबद्दल काही सांगता येत नाही’ अशी नोंद मी वाचली आहे. त्या मुलाला विचारणाऱ्याचं मराठीच कळलं नव्हतं. बोली जाणणारा, कुटुंबाचा नातेवाईक नसलेला दुभाषी द्यावा, असा लेखी अर्ज करा. मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं जावं, हे कायद्याच्या कलम ३ मधल्या मूलभूत तत्त्वांत आहे. त्यावर बोट ठेवा.

कागदपत्रांत जन्मदाखला नसतोच, हे धरून चाला. मग काय काय चालतं? माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची नोंद, अंगणवाडीचं रजिस्टर, शाळेचा उतारा, रुग्णालयाचा केसपेपर, शिधापत्रिका. नावाचा घोळ हमखास निघतो. आधारवर एक नाव, पालावर दुसरं, शाळेत गुरुजींनी ठेवलेलं तिसरं. तिन्ही नावांचं मूल एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. डीएनए चाचणीची भाषा निघाली तर आईबापांना घाबरवू नका. इतर पुरावे आधी पाहावेत असं लेखी म्हणा, आणि तरीही आदेश झालाच तर नमुना देण्याची तयारी दाखवा. ‘नको’ म्हटलं की संशय वाढतो.

अहवाल गोपनीय आहे, असं सांगून तुम्हाला परत पाठवतील. ते अर्धंच खरं आहे. कलम ९९ अहवाल गोपनीय ठेवतं, पण त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली सवलतीची ओळ, समितीला अहवालाचा आशय आईबापांना सांगण्याची आणि त्यावर पुरावा देण्याची संधी देण्याची मुभा देतं. माझ्या मते या कायद्यातली कुटुंबाच्या सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी ओळ हीच. अर्जात कलमाचा आकडा टाका: ‘कलम ९९ च्या परंतुकानुसार अहवालाचा आशय कळवावा व आमचं म्हणणं मांडू द्यावं.’

समितीसमोर काय मागायचं

‘आमचं पोरगं द्या’ एवढंच म्हणून भागत नाही. समितीला उद्या काही झालं तर उत्तर द्यायचं असतं. तिच्यासमोर योजना ठेवा. मूल कोणत्या शाळेत जाईल, आई कामावर असताना कुणाजवळ राहील, दर महिन्याला कोण येऊन बघेल. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्याचंच तत्त्व आहे. कलम ३७ खाली मूल देखरेखीसह आईबापांकडं परत देता येतं, तेच आधी मागा. ते होत नसेल तर आजी, मावशी किंवा मामाला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊन मूल त्यांच्याकडं द्यावं, अशी दुसरी मागणी तयार ठेवा आणि त्या माणसाला बरोबरच आणा.

अडचण गरिबीची असेल तर गरिबीवर उपाय मागा. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व आहे, महिना ४,००० रुपये. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपये. एकल पालक, दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेले पालक अशा घरांतल्या मुलांसाठी ती उपयोगी पडते. ‘बालगृहात मुलावर जो खर्च होतो तो घरातच द्या’ हा मुद्दा शांतपणे मांडला की समितीतलं कुणीतरी मान हलवतंच.

कुटुंब दुसऱ्या जिल्ह्याचं असेल तर कलम ९५ खाली मूल मूळ जिल्ह्याच्या समितीकडं पाठवतात. बीड किंवा धाराशिवला नातेवाईक असतील तर हे सोयीचं आहे. पण मूल गेलं आणि फाइल मागंच राहिली, असंही होतं. बदलीच्या आदेशाची प्रत घेतल्याशिवाय होकार देऊ नका, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडच्या समितीत अर्ज पुन्हा द्या.

बसण्याचे दिवस विचारून ठेवा. समितीनं महिन्यात किमान वीस दिवस बसायचं असतं आणि अंतिम निर्णयाला किमान तीन सदस्य हजर हवेत. दोघांच्याच सह्या असलेला अंतिम आदेश दिसला तर तो मुद्दा लिहून ठेवा, अपिलात उपयोगी पडतो. प्रत्येक तारखेला गेल्याची नोंद रोजनाम्यात करून घ्या. सात तारखांना आलेली आई आठव्या तारखेला आली नाही आणि फाइलमध्ये फक्त आठवीच दिसली, असं होऊ देऊ नका.

समितीच चुकली तर

आदेश मान्य नसेल तर कलम १०१ खाली तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील. पालकत्वाची तात्पुरती सोय (फॉस्टर केअर) आणि प्रायोजकत्वाबद्दलचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडं जातं. अपिलावर दुसरं अपील नाही. पुढं कलम १०२ खाली उच्च न्यायालयात पुनरीक्षण. तीस दिवस उलटले तरी सबळ कारण दाखवून उशीर माफ होऊ शकतो. ऊसतोडीवर असणं हे कारण मुकादमाच्या दाखल्यासह द्या.

आदेशावर नाही, वागणुकीवर तक्रार असेल, म्हणजे पोच देत नाहीत, आईला आत घेत नाहीत, तारीखच देत नाहीत, तर २०२१ च्या दुरुस्तीनं कलम २७ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना समितीच्या कामाबद्दलचे तक्रार निवारण अधिकारी केलं आहे. मुलाशी संबंधित कुणीही तक्रार करू शकतं आणि दोन्ही बाजू ऐकून त्यांना आदेश द्यावा लागतो. ही सोय १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. पुष्कळ कचेऱ्यांत आवक-जावकच्या खिडकीवर हे माहीत नसतं, तेव्हा कलमाची छापील प्रत बरोबर न्या.

बालगृहातल्या हालांबद्दल जिल्ह्याच्या तपासणी समितीकडं आणि महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं लिहा. आयोगाला चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात, पण तो शिफारस करतो. समितीचा आदेश रद्द करत नाही. एक चूक टाळा: रागाच्या भरात राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग, अनुसूचित जमाती आयोग, सगळीकडं एकाच दिवशी एकच अर्ज. बाल हक्क आयोगांच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या आयोगापुढं चालू असलेल्या प्रकरणात बाल हक्क आयोग चौकशी करत नाही, आणि मग दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. एक दार निवडा. मूल नेलंय पण कोणत्याच समितीचा आदेश नाही, अशी स्थिती असेल तर वेळ न घालवता वकिलाला उच्च न्यायालयाचा रस्ता विचारा.

मोर्चा काढायचा असेल तर काढा, पण मुलाचा फोटो आणि नाव फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर नको. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुटुंबाच्या बाजूनं लढणाऱ्यावरच हे कलम लागलं तर समोरच्याला आयतंच सापडतं.

मूल खरंच भेदरलेलं असेल तर

प्रत्येक वेळी आईबापच बरोबर असतात असं नाही. दारू, मारहाण, तेराव्या वर्षी ठरवलेलं लग्न, हे मीही पाहिलंय. मुलीनं तुम्हाला बाजूला घेऊन ‘मला घरी नको’ म्हटलं, तर तुमचा अर्ज बदलला पाहिजे. तेव्हा मुलीला वेगळा वकील मागा, आजीकडं ठेवता येतं का बघा, आईला भेटीची वेळ मिळवून द्या. आईची सोबत सोडायची नाही, पण तिच्यासाठी मुलीला गप्पही करायचं नाही. हे जमत नसेल तर दोघींना दोन सोबती असू द्या.

मूल परत आलं, त्यानंतर

ताबा मिळाला की हमीपत्रावर सही होते आणि सगळे पांगतात. तुम्ही अजून थांबा. हमीपत्रात काय कबूल केलंय, ते आईला तिच्या बोलीत वाचून दाखवा. आठवड्याभरात शाळेत नाव घाला आणि त्याचा दाखला समितीत द्या. जन्मनोंद राहिली असेल तर आता करून घ्या. एक वर्ष उलटलेल्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आदेशाची, हमीपत्राची आणि शाळेच्या दाखल्याची एकेक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या ट्रंकेत, दुसरी तुमच्याकडं. पुढच्या वेळी गाडी आली तर चौकीत दाखवायला ती पिशवी असेल.

आणि देखरेखीचा आदेश असेल, तर कोयता बाहेर पडायच्या आधी समितीला एक पत्र द्या: कुठला कारखाना, कुठला तालुका, मुकादमाचा नंबर, मूल बरोबर येणार की आजीजवळ राहणार, आणि परत कधी. पोच घ्यायला विसरू नका.